विमलबाईंचा चंद्र

विमलबाई,

मंगळवारी दुपारी तुमचे भाऊ प्रल्हादराव दुकानात आले. मी एका लग्नाच्या अल्बममध्ये फोटो चिकटवत होतो. ते बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, ताईचा मोठा फोटो पाह्यजे होता. भिंतीवर लावाले."

भिंतीवर लावायला म्हटलं की फोटोवाल्याला पुढचं विचारावं लागत नाही. तरी मी विचारलं, "कोणती ताई?" त्यांना एकच ताई होती हे मला चांगलं माहीत होतं. पण ते नाव त्यांच्या तोंडून ऐकेपर्यंत तेवढा वेळ मिळाला, म्हणून विचारलं.

तीन दिवसांचा ताप, एवढंच ते म्हणाले. मग म्हणाले, "तुमच्याजवळ असंलच एखादा. पाच महिने येत होती ना ते तुमच्या गच्चीवर."

मी निगेटिव्हचे सगळे डबे खाली काढले. त्या वर्षीची पाकिटं एकेक करून उजेडासमोर धरली. चंद्र होते. पांढरे डाग होते. गच्चीच्या कठड्यावर बसलेली शेजारच्यांची मांजर होती, रीळ संपवायचं म्हणून काढलेली. तुम्ही कुठंच नव्हता. नागपूरच्या या जरीपटक्यात निम्म्या लोकांचे चेहरे माझ्या डब्यांत आहेत बाई, आणि तुमचा नाही.

प्रल्हादरावांनी शाळेच्या ग्रुपचा एक फोटो आणला होता, चंद्रपूरच्या कोणा फोटोवाल्यानं काढलेला. दुसऱ्या रांगेत तुम्ही. शेजारची मुलगी काहीतरी बोलली असेल, तुम्ही नेमकी मान वळवली. चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा, आणि तोही हललेला. तोच मी मोठा करायला घेतलाय. जितका मोठा करतो तितक्या तुम्ही लांब जाता.

म्हणून लिहायला बसलो. तुम्हाला पत्र लिहायचं मी सात वर्षं टाळलं. आता टाळून काय करू?

तुम्ही पहिल्यांदा आलात ते दिवाळीनंतर. माणूस चंद्रावर जाऊन आल्याला पाच-सहा वर्षं झाली होती. खांद्याला पिशवी, आणि पिशवीतून बाहेर आलेली जुन्या साडीत गुंडाळलेली लांब नळी. मला वाटलं, बासरी मोठी करून आणली की काय. तुम्ही ती काउंटरवर सोडली. पितळी दुर्बीण, तीन इंची, शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटात इंग्रजांच्या काळापासून पडलेली. स्टँड मोडलेला होता, काच मात्र शाबूत होती. ती तुम्ही स्वतः पुसली होती हे तुम्ही अभिमानानं सांगितलंत.

"भाऊ, या दुर्बिणीतून चंद्राचा फोटो निघेल का?"

मी म्हटलं, "बाई, चंद्र पाहायचा तर दुर्बिणीतून डोळ्यानं पाहावा. फोटो कशाला?"

तुम्ही शाळेत बोलता तशा शुद्ध मराठीत बोलत होता, शब्द मोजून. "माझ्या वर्गात बेचाळीस मुली आहेत. चंद्र दिसतो संध्याकाळी. संध्याकाळी एकीलाही घरचे शाळेत पाठवत नाहीत. माणूस चंद्रावर चालून आला, आणि माझ्या मुलींना गच्चीवर यायची परवानगी नाही. फोटो असला तर मी त्यांना सकाळी अकरा वाजता चंद्र दाखवीन."

मी हो म्हटलं. त्या वेळी मला वाटलं, दोन संध्याकाळींचं काम आहे.

दुर्बीण माझ्या मोठ्या कॅमेऱ्याच्या लाकडी तिवईवर दोऱ्यांनी बांधली. घडी होणारा छोटा कॅमेरा तिच्या डोळ्याशी हातात धरला. तुम्ही चंद्र मधोमध आणून दिलात, मी डोळा लावून नळी पुढंमागं करून चंद्र अगदी धारदार केला, मग डोळ्याच्या जागी कॅमेरा धरला आणि बटण दाबलं. रीळ धुतलं, तर त्यावर वाटीतलं दही सांडावं तसा एक डाग.

तुम्ही तो ओला प्रिंट हातात घेतलात आणि म्हणालात, "हा चंद्र असेल, तर मुलींना मी माझी टिकली दाखवली तरी चालेल."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचो, हात हलतो. तुम्ही म्हणायचा, फोकस चुकतो. चंद्र महिन्यातून पाच-सहा संध्याकाळीच आपल्या कामाचा, कोरीपासून अर्ध्यापर्यंत, खड्ड्यांच्या सावल्या पडतात तेवढ्या दिवसांत. मी कॅलेंडरमध्ये पाहून म्हणायचो, "उद्या पंचमी." तुम्ही म्हणायचा, "तिथी नका सांगू. चंद्र पाच दिवसांचा आहे म्हणा." त्या पाच-सहा दिवसांत तुम्ही शाळा सुटली की यायचा, साडेसातला प्रल्हादराव इंदोऱ्याच्या तुमच्या घरून सायकल घेऊन खाली पानाच्या ठेल्याशी उभे राहायचे. उरलेले पंचवीस दिवस मी पुढच्या वेळी काय बोलायचं ते ठरवत असे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मी कॅमेऱ्यासाठी लाकडी पट्टी केली, सायकलच्या ट्यूबनं आवळली. हात हलायचा प्रश्नच मिटवला. तरी डाग तो डागच. तेव्हा तुम्ही मास्तरीण झालात. "तुमच्या डोळ्याला स्पष्ट दिसतं म्हणजे कॅमेऱ्याला दिसतं असं नाही. डोळा जवळचं-लांबचं आपोआप जुळवून घेतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. कॅमेरा जुळवून घेत नाही. तो जिथं आहे तिथंच राहतो."

मला राग आला. मी म्हटलं, "बाई, वीस वर्षं झाली, मी फोकस करून राहिलो."

"माणसांचा."

"चंद्र काय वेगळा हाय?"

"तो तुमच्याकडं पाहून हसत नाही."

तुम्हीच मग हसलात. मी त्या दिवशी तुम्हाला खालपर्यंत सोडायलाही आलो नाही, इतका फुगलो होतो. तुम्ही जिना उतरताना म्हणालात, "येते भाऊ." पुढच्या महिन्यात तुम्ही येणार की नाही, या काळजीत मी डिसेंबर काढला.

तुम्ही आलात. जानेवारीत आलात, फेब्रुवारीत आलात. कधी एका डब्यात भाजलेल्या तुरीच्या शेंगा, कधी काहीच नाही. चंद्र ढगात गेला की आपण कठड्याशी उभे राहायचो. असंच एकदा तुम्ही सांगितलंत की छप्पन साली तुम्ही अठरा वर्षांच्या होता. वडिलांबरोबर पांढरं लुगडं नेसून दीक्षेला गेला होता, आणि त्या गर्दीत तुमची चप्पल हरवली. घरापर्यंत अनवाणी चालत आलात. "पाय भाजले नाहीत?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "भाजले असतील. त्या दिवशी कळलं नाही." मग मी माझ्या बायकोचं सांगितलं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ती बाळंतपणात गेली, मूलही गेलं. हे मी तोवर कोणाला सांगत नसे. तुम्ही सांत्वन केलं नाही. नाव काय होतं, एवढंच विचारलंत. मी नाव सांगितलं. ते नाव कितीतरी वर्षांनी मी मोठ्यानं उच्चारत होतो.

युक्ती सुचली ती एका लग्नात. ग्रुप फोटो काढत होतो, मोठ्या कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालून. समोर दुधी काचेवर वऱ्हाड उलटं उभं. आणि एकदम लक्षात आलं: इथं मी माणसांकडं पाहतच नाही, काचेवर पडलेल्या चित्राकडं पाहतो. डोळ्यानं कितीही जुळवून घेतलं तरी काचेवरचं चित्र काही सुधारत नाही. घडीच्या कॅमेऱ्याचं पाठचं झाकण उघडून, फिल्म जिथं बसते तिथं अशीच काच ठेवली तर? वऱ्हाडातल्या कोणीतरी ओरडून विचारलं, "काहून गा फोटोवाले, झोपले का आत?"

मार्चमधला चंद्र सहा दिवसांचा होता. ऊन इतकं तापलं होतं की सूर्य गेल्यावरही गच्चीच्या स्लॅबवर पाय ठेववत नव्हता. दुर्बिणीत चंद्र उकळत्या पाण्याच्या तळाशी पडल्यासारखा थरथरत होता. तुम्ही म्हणालात, ही खालून उठणारी गरम हवा, गच्ची गार करा. आपण दोघांनी खालच्या हौदातून अकरा बादल्या पाणी वर आणून ओतलं. तुम्ही पदर खोचला होता, पायऱ्यांवर पाणी सांडत होतं, आणि तुम्ही धापा टाकत मोजत होता.

थरथर कमी झाली. मी नेहमीसारखा डोळा लावून चंद्र धारदार केला. मग कॅमेरा बसवला, रीळ नव्हतंच, शटर उघडं धरलं, पाठीमागं दुधी काचेचा तुकडा लावला आणि काळं कापड डोक्यावर घेतलं.

काचेवर तोच दह्याचा डाग होता.

बाई, तुमचंच बरोबर होतं. पाच महिने तुमचंच बरोबर होतं. मी नळी हळूहळू बाहेर ओढली. तीळभर. खरंच तीळभर, त्याहून जास्त नाही. डाग आवळत गेला, त्याला कड आली, कडेला दात आले, आणि अंधाराच्या सीमेवर एकेक खड्डा उभा राहिला, त्याच्या सावलीसकट. मी कापडाबाहेर आलो आणि कापड तुमच्यासाठी वर धरलं.

तुम्ही आत गेलात. कितीतरी वेळ बाहेर फक्त तुमची पाठ होती आणि कापडाच्या कडा धरलेले माझे हात. आतून तुमचा श्वास ऐकू येत होता. मग तुम्ही बोललात, आणि ते शाळेतलं मराठी नव्हतं.

"दिसून राह्यलं, मनोहरजी... माय वं, खड्डे दिसून राह्यले!"

तोवर मी तुम्हाला भाऊ होतो, जसा नागपुरात प्रत्येक माणूस भाऊ असतो. त्या दिवशी मी मनोहरजी झालो. तुमच्या ध्यानात आलं की नाही, ठाऊक नाही. मी मात्र पुढचं सगळं काम त्या एका शब्दाच्या नादात केलं. खिळ्यानं पितळेवर खूण कोरली, तेव्हा तुम्ही "शाळेची वस्तू आहे हो" म्हणालात आणि कंदील जवळ धरलात. रीळ भरलं. शटरच्या धक्क्यानं हलू नये म्हणून मी शटर उघडं ठेवायचं आणि तुम्ही दुर्बिणीच्या तोंडावरचा काळा पुठ्ठा क्षणभर बाजूला करून परत लावायचा. मी म्हणायचो "हं", तुम्ही पुठ्ठा हलवायचा. बारा फोटो. बारा वेळा "हं". खाली प्रल्हादराव सायकलची घंटी वाजवत होते आणि आपण दोघंही ती न ऐकल्यासारखं करत होतो.

आता दुसऱ्या दिवसाचं लिहायचं. इथंच माझा हात इतकी वर्षं थांबत आला.

सकाळच्या गाडीनं काटोलकडून माझी माय आली होती. माझ्यासाठी दुसरं स्थळ पाहिलं होतं तिनं. ती बाकावर बसून त्या पोरीबद्दल सांगत होती आणि मी आतून प्रिंट घेऊन बाहेर आलो. तीन फोटो उत्तम निघाले होते. त्याच वेळी तुम्ही आलात. शाळेची मधली सुट्टी, तुम्ही धावतपळत आला होता, कपाळावर घाम. प्रिंट पाहिलात आणि लहान मुलीसारखा तोंडावर हात ठेवलात. मायनं आपल्या दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"आडनाव काय वं बाई तुयं?" तिनं विचारलं.

तुम्ही मान वर करून, स्पष्ट आवाजात आडनाव सांगितलंत. ते ऐकलं की विदर्भात पुढचं काही सांगावं लागत नाही. माय तुमच्याशी पुढं बोलली नाही. माझ्याकडं वळून विचारलं, "कोन हाय गा हे?"

मला किती उत्तरं देता आली असती. मैत्रीण म्हणायचं धाडस नसलं तरी शाळेच्या बाई आहेत म्हणता आलं असतं. हा फोटो आम्ही दोघांनी काढला म्हणता आलं असतं, आणि ते तर शंभर टक्के खरं होतं. मी म्हटलं, "गिऱ्हाईक हाय, माय."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. फार वेळ नाही. मग प्रिंट काउंटरवर नीट, कडा जुळवून ठेवलात आणि शुद्ध मराठीत विचारलंत, "हा जास्तीत जास्त किती मोठा करता येईल, भाऊ?"

भाऊ.

मी तो मोठा केला. माझ्या हातून त्याच्याइतका चांगला प्रिंट पुन्हा झाला नाही. परीक्षेच्या आधी तुम्ही मला शाळेत बोलावलंत, कारण तुम्ही शब्द पाळणाऱ्या होता. सकाळी अकरा वाजता, खिडक्यांतून ऊन आत आलेलं, बेचाळीस मुली फळ्यासमोर दाटीवाटीनं उभ्या. मी मागं भिंतीशी. एका मुलीनं बोट लावून विचारलं, "बाई, चंद्रावर इतके गड्ढे काहून हायेत?" तुम्ही तिला दटावलं नाही. म्हणालात, "तुला काय वाटतं?" मग ज्या एकेक गोष्टी त्या पोरींनी सांगितल्या! एक म्हणाली पाऊस पडून पडून, एक म्हणाली दगड लागून. तुम्ही प्रत्येकीचं ऐकत होता. मला तुम्हाला सांगायचं होतं की कालचं, परवाचं, त्या दिवशीचं माझं बोलणं... मुली होत्या. मग घंटा झाली. मग तुम्हाला पुढचा तास होता.

जूनमध्ये कळलं की तुमची चंद्रपूरला बदली झाली. मी सरकारला शिव्या दिल्या. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की चांगली मास्तरीण नागपुरात राहू देत नाहीत.

तुमची तीन पत्रं आली, तीनही कामाची. तिसऱ्यात तुम्ही नवीन भांडण काढलं होतं: कॅमेऱ्याचं भिंग काढूनच टाकलं आणि दुर्बिणीतून चित्र सरळ फिल्मवर पाडलं तर शनीची कडी येतील, असं तुमचं म्हणणं. मला ते पटलं नव्हतं. उजेड पुरणार नाही, असं माझं मत होतं, आणि आजही आहे. चार ओळींचं उत्तर होतं ते. पण उत्तर लिहायला बसलो की पहिलीच ओळ भिंगाबद्दल येत नसे, म्हणून कागद तसाच राही. चौथं पत्र आलं नाही. कसं येणार?

इथवर लिहिलं आणि पत्र दोन दिवस पडून राहिलं. काल प्रल्हादराव तुमचा मोठा केलेला फोटो न्यायला आले. मी सांगितलं, भाऊ, याहून स्पष्ट होत नाही. त्यांनी तो हातावर धरून बराच वेळ पाहिला. म्हणाले, "ताईच हाय. असंच पाहे ते, मान वळवून." उद्या घरी पुण्यानुमोदन आहे, या म्हणाले. मग सहज बोलल्यासारखं बोलून गेले. "इतक्या दूर गेली नसती त बरं झालं असतं. इथं सगळं चांगलं चालू होतं. बदली स्वतःच मांगून घेतली तिनं. आम्ही लय इचारलं, काहून मांगतं? काही सांगलंच नाही."

ते गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

मी पुन्हा लग्न केलं नाही. हे मी तुमच्यासाठी केलं असं म्हणायला मी धजणार नाही. जे सोडायला हवं होतं ते तेव्हा सोडलं नाही, आणि नंतर न मिळवण्याला त्याग म्हणायचं, हे खोटं आहे. माय आता माझ्याजवळच असते. ऐंशीच्या पुढं गेली. कानानं कमी ऐकते, बाकी सगळं शाबूत.

संध्याकाळी ती खाटेवर बसून लसूण सोलत होती. मी शेजारी बसलो. म्हटलं, "माय, ते दुर्बीणवाल्या बाई होत्या ना, शाळेतल्या. त्या वारल्या."

तिनं लसूण खाली ठेवला. "कोनत्या? ते इंदोऱ्याची?"

"हो." मग मी सांगितलं, मोठ्यानं, कारण तिला ऐकू जायला हवं होतं. शेजारपाजारच्यांनाही गेलं असेल. "मले तिच्यासंगं लग्न करायचं होतं, माय."

तिनं हात पदराला पुसले. मला वाटलं रडेल, नाहीतर चिडेल. तिनं यातलं काहीच केलं नाही.

"मले त्याच दिवशी समजलं होतं गा," ती म्हणाली. "तुनं तिले गिऱ्हाईक म्हटलं, तवाच. गिऱ्हाईक आलं त तू असा पांढरा पडत नाही."

"मंग बोलली काहून नाही?"

"मी काहून बोलू? मी नाहीच म्हटलं असतं. जीव गेला असता तरी हो म्हटलं नसतं मी, त्या वक्ती." तिनं पुन्हा एक पाकळी उचलली, नख लावलं, आणि ती तशीच हातात धरून म्हणाली, "पन तुनं इचाराले पाह्यजे होतं, बापा. मले नाही त तिले तरी."